मंत्र्यांवरचे खटले: मुंबईत विशेष न्यायालय आहे, मग अडतं कुठे?

प्रश्न असा आला आहे: डेन्मार्क, फ्रान्समध्ये पदाचा गैरवापर करणाऱ्या मंत्र्यांसाठी वेगळं न्यायालय असतं. मुंबईत तसं काही आहे का? सामान्य नागरिकानं मंत्र्याविरुद्ध कागदपत्रांसह तक्रार दिली, तर ती कुठल्या दारानं आत जाते आणि कुठे अडते?

सरळ उत्तर: फक्त मंत्र्यांसाठीचं न्यायालय आपल्याकडे नाही. मुंबईत मंत्र्यावरचा भ्रष्टाचाराचा खटला शहर दिवाणी व सत्र न्यायालयातल्या विशेष न्यायाधीशापुढे चालतो. ओव्हल मैदानासमोर उच्च न्यायालय आणि विद्यापीठाच्या रांगेत जुन्या सचिवालयाची जी इमारत आहे, तीच ही. हा न्यायाधीश दोन वाटांनी विशेष ठरतो. पहिली वाट भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा, १९८८ ची. कलम ३ नुसार सरकार विशेष न्यायाधीश नेमतं आणि कलम ४ नुसार या कायद्याखालचे गुन्हे त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाला चालवता येत नाहीत. तलाठी असो वा मंत्री, कलम तेच. दुसरी वाट सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांची. अश्विनी कुमार उपाध्याय यांच्या याचिकेवर १४ डिसेंबर २०१७ रोजी आजी-माजी खासदार-आमदारांच्या खटल्यांसाठी देशभरात १२ विशेष न्यायालयं सुरू करायला मान्यता मिळाली आणि त्यातलं एक महाराष्ट्राच्या वाट्याला आलं. पुढे ठिकठिकाणच्या सत्र आणि दंडाधिकारी न्यायालयांनाही हे काम नेमून देण्याची मुभा उच्च न्यायालयांना मिळाली. मंत्री सहसा आमदार किंवा खासदार असतो, त्यामुळे त्याचा खटला या रांगेत येतो.

आता परदेशाकडे बघू, कारण तिथल्या रचनेतूनच आपली अडचण स्पष्ट होते. फ्रान्समध्ये १९९३ साली मंत्र्यांसाठी न्यायालय स्थापन झालं. त्यात १५ न्यायाधीश बसतात. १२ संसद सदस्य आणि ३ तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचे. म्हणजे निकाल देणारे बहुतेक राजकारणीच. २०१६ मध्ये माजी अर्थमंत्री क्रिस्तीन लगार्द यांना निष्काळजीपणाबद्दल दोषी ठरवलं, शिक्षा मात्र काहीच दिली नाही. त्यामुळे या न्यायालयावर टीका भरपूर होते. पण त्याचं दार कोण उघडतं ते पाहा. नागरिकाची तक्रार ७ जणांच्या समितीकडे जाते आणि ते सातही जण वरिष्ठ न्यायसंस्थांमधून आलेले असतात. डेन्मार्कमध्ये उलट आहे. तिथे खटला भरण्याचा निर्णय संसद घेते, आणि न्यायासनावर सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश आणि संसदेनं निवडलेले सदस्य मिळून बसतात. माजी मंत्री इंगर स्टॉयबर्ग यांना डिसेंबर २०२१ मध्ये याच न्यायालयानं ६० दिवसांच्या कैदेची शिक्षा दिली.

आपल्याकडे न्यायासनावर पूर्णवेळ, प्रशिक्षित न्यायाधीश बसतो, ही आपली जमेची बाजू. पण त्याच्यापर्यंत पोचण्याची दारं मात्र सरकारच्या, म्हणजे बहुतेक वेळा आरोपीच्या सहकाऱ्यांच्या हातात आहेत. मंत्र्यांवरचे खटले कोसळतात ते प्रामुख्यानं या दारांपाशी. त्यामुळे आणखी एखादं विशेष न्यायालय मागण्याआधी ही दारं कुठली आणि ती कशी ओलांडायची हे समजून घ्यायला हवं.

पहिलं दार तपासाचं. मुंबईत तक्रार साधारणपणे लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे, म्हणजे एसीबीकडे जाते. वरळीला मुख्यालय, १०६४ ही हेल्पलाइन. हा विभाग राज्याच्या गृहखात्याखाली येतो हे विसरू नका. प्रकरण केंद्रीय अन्वेषण विभागाकडे जायचं असेल तर राज्याची संमती लागते. महाराष्ट्रानं सीबीआयला दिलेली सरसकट संमती ऑक्टोबर २०२० मध्ये काढून घेतली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये सत्ताबदलानंतर परत दिली. मात्र उच्च न्यायालयानं आदेश दिला तर या संमतीची गरज राहत नाही. माजी गृहमंत्री अनिल देशमुख यांच्या प्रकरणात हेच झालं. देशमुखांवर आरोप करणारं मुंबईच्या माजी पोलीस आयुक्तांचं पत्र मार्च २०२१ मध्ये बाहेर आलं, ५ एप्रिलला मुंबई उच्च न्यायालयानं सीबीआयला १५ दिवसांत प्राथमिक चौकशी करायला सांगितलं आणि त्याच महिन्यात गुन्हा नोंदला गेला.

२६ जुलै २०१८ पासून या दाराला आणखी एक कुलूप लागलं: भ्रष्टाचार कायद्याचं कलम १७अ. लोकसेवकानं पदावर असताना घेतलेल्या निर्णयाची किंवा केलेल्या शिफारशीची चौकशी करायची तर आधी पूर्वमान्यता घ्यावी लागते. मुदत तीन महिने, कारणं नोंदवून आणखी एक महिना. राज्यातल्या मंत्र्याबाबत ही मान्यता राज्यपालांकडे मागायची. लाच घेताना जागेवर पकडलं तर तिची गरज नाही, कलमातच तसा अपवाद आहे. तक्रार लिहिताना हा फरक जपणं फार महत्त्वाचं. ‘मंत्र्यानं अमुक कंपनीला भूखंड दिला’ असं लिहिलं की तो ‘निर्णय’ झाला आणि १७अ लागलं. ‘मंत्र्याच्या स्वीय सहायकानं अमुक दिवशी अमुक रक्कम मागितली’ हे ना निर्णय, ना शिफारस. पैशाची मागणी हे सरकारी काम असूच शकत नाही. ज्या तक्रारीत दोन्ही गोष्टी असतात, तिथे त्या वेगवेगळ्या परिच्छेदांत, वेगवेगळ्या तारखांनी मांडा. एकात एक मिसळल्या की पूर्वमान्यतेअभावी सगळीच चौकशी रद्द करण्याचा युक्तिवाद बचाव पक्षाच्या हाती लागतो.

राज्यपालांनी मंत्रिमंडळाचा सल्ला मानायचा का, हा पुढचा प्रश्न. मध्य प्रदेशातल्या मंत्र्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं २००४ मध्ये सांगितलं की, मंत्रिमंडळाचा नकार उघडपणे पक्षपाती किंवा अविवेकी दिसत असेल तर राज्यपाल स्वतःच्या विवेकानं मंजुरी देऊ शकतात. कर्नाटकात २०२४ मध्ये राज्यपालांनी मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांच्याविरुद्ध खासगी तक्रारदारांच्या अर्जांवर १७अ ची मान्यता दिली, आणि २४ सप्टेंबर २०२४ रोजी तिथल्या उच्च न्यायालयानं ती कायम ठेवली. नागरिक थेट राज्यपालांकडे जाऊ शकतो, याला त्या निकालानं बळ मिळालं. पण हीच ताकद उलटीही चालते. राज्यपाल केंद्रानं नेमलेले असतात. राज्यात आणि केंद्रात एकाच आघाडीचं सरकार असेल तर अर्ज पडून राहू शकतो, वेगळं असेल तर तोच अर्ज झपाट्यानं सुटू शकतो. मंजुरीचं काम राजकीय नेमणुकीच्या हाती आहे तोवर हा धोका टळत नाही, म्हणून ते फ्रान्ससारखं न्यायाधीशांच्या समितीकडे जायला हवं असं माझं ठाम मत आहे.

तपास झाला की दुसरं दार येतं: त्याच कायद्याच्या कलम १९ ची अभियोजन मंजुरी, म्हणजे खटला चालवायची परवानगी. ती नसेल तर विशेष न्यायाधीश गुन्ह्याची दखलच घेऊ शकत नाही. इथेही मुदत तीन महिने अधिक एक महिना. २०१८ आधी मंत्री पायउतार झाला की मंजुरी लागत नसे. आता गुन्हा घडला तेव्हा तो पदावर असेल तर माजी मंत्र्यासाठीही ती लागते. खासगी तक्रारदारासाठी तर वाट आणखी अरुंद केली आहे. त्यानं आधी न्यायालयात तक्रार दाखल करायची, न्यायालयानं ती फेटाळलेली नसावी, उलट मंजुरी आणायला सांगितलेलं असावं, मगच सरकारकडे अर्ज करता येतो. आणि मंजुरी देण्याआधी त्या लोकसेवकाचं म्हणणं ऐकावं लागतं. ज्यांना वाटतं की मंत्रालयात एक अर्ज टाकला की काम झालं, त्यांचा अर्ज इथे बाद होतो. शिवाय अनिल कुमार विरुद्ध एम. के. अय्यप्पा या २०१३ च्या निकालानुसार, न्यायाधीशानं पोलिसांना गुन्हा नोंदवून तपास करायचा आदेश देण्याआधीसुद्धा मंजुरी हवी. हा मुद्दा २०१८ मध्ये मोठ्या पीठाकडे सोपवला गेला आहे.

मंजुरी मिळाली तरी ती टिकेल याची खात्री नाही. होतं असं की तपास यंत्रणा मंजुरीच्या आदेशाचा मसुदाच तयार करून पाठवते आणि मंजुरी देणारं कार्यालय त्याच्यावर सही करून परत पाठवतं. सात-आठ वर्षांनी तो अधिकारी साक्षीदार म्हणून पिंजऱ्यात येतो. बचाव पक्षाचा वकील विचारतो: तुमच्यापुढे कुठली कागदपत्रं होती? जबाब वाचले का? ध्वनिमुद्रण ऐकलं का? उत्तर आलं ‘आठवत नाही’, की मंजुरी यांत्रिक ठरवण्याची मागणी येते. नंजप्पा विरुद्ध कर्नाटक या २०१५ च्या निकालानुसार मंजुरी अवैध असेल तर तो खटला झालाच नाही असं धरलं जातं, आणि नव्यानं वैध मंजुरी घेऊन खटला भरावा लागतो. दहा वर्षांची साक्ष वाया. म्हणून मंजुरीच्या आदेशात पाठवलेल्या कागदांची यादी, त्यांची पृष्ठसंख्या आणि त्यावरची स्वतंत्र टिपणी असायला हवी. तक्रारदारानं दखल घेण्याच्या टप्प्यावरच मंजुरीच्या आदेशाची प्रमाणित प्रत घेऊन ती तपासावी. दोष तेव्हा सापडला तर दुरुस्त होतो.

इथे अंतुले प्रकरणाचा उल्लेख टाळता येत नाही, कारण मुंबईत मंत्र्यांवरच्या खटल्यांचा सगळा कायदा त्यातून घडला. इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानला मिळालेल्या देणग्या आणि सिमेंटवाटप यांच्या आरोपांवरून मुख्यमंत्री अब्दुल रहमान अंतुले यांनी जानेवारी १९८२ मध्ये, उच्च न्यायालयाचा प्रतिकूल निकाल आल्यावर, राजीनामा दिला. भाजपचे रामदास नायक यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायाधीशापुढे खासगी तक्रार दाखल केली. खासगी माणूस अशी तक्रार करू शकतो का, इथूनच वाद सुरू झाला, आणि १९८४ मध्ये घटनापीठानं ‘करू शकतो’ असं ठणकावून सांगितलं. हा हक्क आजही शाबूत आहे आणि तो नायकांच्या चिकाटीचा वारसा आहे. त्याआधी जुलै १९८३ मध्ये विशेष न्यायाधीशानं ‘आमदार हाही लोकसेवक, आमदार म्हणून मंजुरी नाही’ असं म्हणत अंतुलेंना दोषमुक्त केलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं तो आदेश रद्द केला: ज्या पदाचा गैरवापर झाला त्या पदापुरती मंजुरी पाहायची. आणि त्याच फेब्रुवारी १९८४ च्या निकालात, खटला लवकर संपावा म्हणून, तो थेट मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाकडे वर्ग केला.

हेतू चांगला होता, पण परिणाम विपरीत झाला. उच्च न्यायालयात आरोप निश्चित झाले, साक्षी झाल्या, आणि २९ एप्रिल १९८८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठानं ५ विरुद्ध २ बहुमतानं आपलाच आदेश मागे घेतला. कारण दुहेरी होतं. कायदा म्हणतो की असे गुन्हे विशेष न्यायाधीशानंच चालवावेत. शिवाय खटला उच्च न्यायालयात चालला तर आरोपीचा उच्च न्यायालयातल्या अपिलाचा हक्क जातो. चार वर्षांचं काम पुसलं गेलं आणि खटला शिक्षेपर्यंत कधीच पोचला नाही. मंत्री मोठा म्हणून न्यायालयही मोठं हवं, ही मागणी आजही ऐकू येते. तिला उत्तर हेच: कायद्यानं नेमलेल्या न्यायालयाच्या पायरीवरूनच खटला चालवा, तरच निकाल वरच्या न्यायालयात टिकेल. आणीबाणीतल्या गैरकृत्यांसाठी १९७९ मध्ये खास कायदा करून विशेष न्यायालयं नेमली, तीही १९८० मध्ये सत्ता पालटताच निष्प्रभ झाली.

आता न्यायालयाच्या आतलं काम. भ्रष्टाचार कायद्याच्या कलम ५ मुळे विशेष न्यायाधीश सत्र न्यायालयाचा असूनही दंडाधिकाऱ्याकडून खटला वर्ग होऊन यायची गरज नसते. तो थेट दखल घेतो. दोषारोपपत्र दाखल झालं की कागदांच्या प्रती आरोपींना द्यायच्या. मग दोषमुक्तीचे अर्ज, आरोप निश्चिती, साक्षी, आरोपीचा जबाब, बचावाचे साक्षीदार, युक्तिवाद, निकाल. कलम ४ सांगतं की सुनावणी शक्य तोवर रोज चालवावी आणि दोन वर्षांत संपवावी. कारणं लिहून सहा-सहा महिने वाढवता येते, पण एकूण चार वर्षांच्या वर सहसा जाऊ नये. सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०१४ मध्ये लोकप्रतिनिधींच्या गंभीर खटल्यांसाठी तर आरोप निश्चितीपासून एक वर्ष असं उद्दिष्ट दिलं होतं. प्रत्यक्षात सप्टेंबर २०२० मध्ये न्यायमित्र (न्यायालयानं मदतीसाठी नेमलेले वकील) विजय हंसारिया यांच्या अहवालात आजी-माजी लोकप्रतिनिधींविरुद्धचे ४,४४२ खटले देशभर प्रलंबित होते.

वेळ सर्वात जास्त जातो दोषमुक्तीच्या टप्प्यावर. मंत्र्याच्या प्रकरणात आरोपी एकटा नसतो. कंत्राटदार, अभियंते, सचिव, नातेवाईक, कंपन्यांचे संचालक असे वीस-पंचवीस जण असतात आणि प्रत्येकाचा अर्ज स्वतंत्र. पहिल्याचा फेटाळला की तो उच्च न्यायालयात जातो, तोवर दुसऱ्याची सुनावणी पुढे ढकलली जाते. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत प्रती मिळाल्यापासून ६० दिवसांत दोषमुक्तीचा अर्ज करायचं बंधन आलं आहे. सरकारी वकिलानं प्रत्येक आरोपीला प्रती कधी दिल्या याची नोंद पहिल्याच दिवशी रोजनाम्यात, म्हणजे न्यायालयाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत, करून घेतली तर ही मुदत खरोखर लागू करता येते. सगळे अर्ज एकत्र ऐकून एकच आदेश द्यावा, असा अर्ज अभियोग पक्षानं जरूर करावा. स्थगितीचंही तसंच. भ्रष्टाचार कायद्याच्या कलम १९ मध्येच खटल्याला स्थगिती देण्यावर कडक मर्यादा घातली आहे. २०१८ च्या एशियन रिसरफेसिंग निकालानं सहा महिन्यांत स्थगिती आपोआप उठत असे, पण २९ फेब्रुवारी २०२४ ला घटनापीठानं तो नियम रद्द केला. म्हणजे आता स्थगिती उठवायची तर कुणीतरी उच्च न्यायालयात जाऊन तसा अर्ज करावाच लागतो. ते काम सरकारी पक्षाचं. तो गप्प बसला तर प्रकरण कपाटात जातं.

दोषमुक्ती आणि निर्दोष मुक्तता यांत गल्लत करू नका. दोषमुक्ती म्हणजे साक्षीपुरावा होण्याआधीच, कागदांवरून खटला उभा राहत नाही असा निर्णय. दिल्लीतल्या महाराष्ट्र सदनाच्या बांधकामाच्या प्रकरणात छगन भुजबळ यांच्यावर एसीबीनं जून २०१५ मध्ये गुन्हा नोंदवला, मार्च २०१६ मध्ये सक्तवसुली संचालनालयानं (ईडी) त्यांना अटक केली, मे २०१८ मध्ये जामीन मिळाला आणि ९ सप्टेंबर २०२१ रोजी मुंबईच्या विशेष न्यायालयानं त्यांना दोषमुक्त केलं. एकाही साक्षीदाराची उलटतपासणी न होता ते प्रकरण त्या न्यायालयापुरतं संपलं. अशा आदेशाला उच्च न्यायालयात आव्हान देता येतं, मुदत ९० दिवस. सरकार आव्हान देईलच असं नाही, म्हणून तक्रारदारानं तारीख मोजत राहावं; या प्रकरणात सामाजिक कार्यकर्त्या अंजली दमानिया स्वतः उच्च न्यायालयात गेल्या. मूळ गुन्ह्यातून सुटका झाली की ईडीचा मनी लाँडरिंगचा, म्हणजे काळा पैसा पांढरा केल्याचा, खटलाही टिकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. म्हणजे ईडीची कारवाई कितीही गाजली तरी तिचा पाया एसीबीच्या किंवा सीबीआयच्या दोषारोपपत्रात असतो. शिवाय नोव्हेंबर २०२४ च्या निकालानंतर, सरकारी कर्तव्याशी जोडलेल्या कृत्यासाठी मनी लाँडरिंगच्या खटल्यातही मंजुरी लागते.

पुराव्यात मंत्र्यांचे खटले कुठे कच्चे राहतात? पहिली जागा नस्ती, म्हणजे सरकारी फाइल. मंत्र्याचा निर्णय सिद्ध करायचा तर मूळ नस्तीवरची टिपणी लागते: कक्ष अधिकाऱ्यानं काय लिहिलं, उपसचिवानं काय, सचिवानं विरोध नोंदवला का, आणि त्या विरोधावर मंत्र्यानं कुठल्या तारखेला काय शेरा मारला. सचिवाचा लेखी विरोध डावलून केलेली सही हा अभियोग पक्षाचा सर्वात भक्कम कागद. उलट ‘चर्चेप्रमाणे सादर’ एवढंच लिहिलेलं असेल तर मंत्र्याचा तोंडी आदेश सिद्ध करायला तोच अधिकारी साक्षीदार हवा, जो बहुतेकदा सहआरोपी असतो. अशा वेळी त्याला माफीचा साक्षीदार करायचा का, हा निर्णय तपासातच घ्यायला हवा. कलम ५ विशेष न्यायाधीशाला तो अधिकार देतं. नस्तीची झेरॉक्स पुरत नाही. २१ जून २०१२ च्या मंत्रालयाच्या आगीत कितीतरी मूळ कागद गेले. त्यामुळे नस्ती ज्या ज्या खात्यांतून फिरली त्यांच्या आवक-जावक नोंदवह्या, वित्त आणि विधी विभागाचे अभिप्राय, मंत्रिमंडळ बैठकीचं टिपण यांतून ती पुन्हा उभी करावी लागते.

दुसरी जागा म्हणजे सापळा. फिनॉल्फ्थॅलीन लावलेल्या नोटा, सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात गुलाबी होणारी बोटं, दोन सरकारी पंच, हे सगळं कारकुनासाठी चालतं. मंत्री नोटांना हात लावत नाही. स्वीय सहायक किंवा बाहेरचा मध्यस्थ घेतो. त्यामुळे सापळ्याआधीची पडताळणी, म्हणजे मागणीचं संभाषण पंचांसमक्ष मुद्रित करणं, हाच खटल्याचा कणा. त्यात मंत्र्याचं नाव, काम आणि रक्कम या तिन्हींचा दुवा जुळला पाहिजे. तक्रारदार फितूर झाला तरी परिस्थितिजन्य पुराव्यावरून मागणी सिद्ध करता येते, असं डिसेंबर २०२२ मध्ये घटनापीठानं नीरज दत्ता निकालात म्हटलं. पण तेवढी परिस्थिती आधी गोळा केलेली असावी लागते. आणि जबरदस्तीनं लाच द्यावी लागली असेल तर देणाऱ्यानं सात दिवसांत तपास यंत्रणेला कळवायचं. आठव्या दिवशी कळवलं तर तो स्वतः आरोपी होऊ शकतो.

ध्वनिमुद्रण, मोबाइल, संगणकावरच्या नोंदी यांना प्रमाणपत्र लागतं. याबाबतचा आजचा कायदा जालन्याच्या निवडणूक वादातून, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या जुलै २०२० च्या निकालातून आला: मूळ उपकरण हजर केलं नसेल तर प्रमाणपत्र बंधनकारक. नव्या साक्ष अधिनियमात ते कलम ६३ मध्ये आहे आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य (फाइल बदलली की बदलणारा तिचा संगणकी ठसा) लिहायचं असतं. रेकॉर्डर जप्त करतानाच हॅश मूल्य काढून पंचनाम्यात लिहिलं नाही, तर नंतर ‘फेरफार झाला’ म्हणायला जागा राहते.

बेहिशेबी मालमत्तेचा खटला वेगळा. तिथे सगळं गणित असतं: तपासणीचा काळ ठरवायचा, त्या काळातलं उत्पन्न, खर्च आणि मालमत्ता मांडायची. १९७७ च्या एका निकालापासून उत्पन्नाच्या १० टक्क्यांपर्यंतचा फरक न्यायालयं सोडून देत आली आहेत. जयललितांच्या खटल्यात कर्नाटक उच्च न्यायालयानं हा फरक ८.१२ टक्के काढून २०१५ मध्ये निर्दोष सोडलं, पण कर्जांची बेरीजच चुकली होती, आणि सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०१७ मध्ये बंगळूरच्या विशेष न्यायालयाचा दोषसिद्धीचा निकाल परत उभा केला. तोवर जयललिता हयात नव्हत्या. काळ निवडतानाच चूक होते ती अशी: मंत्री होण्याआधीची मालमत्ता आत ओढली जाते किंवा कुटुंबाच्या कंपन्यांचं उत्पन्न दोनदा मोजलं जातं. असे खटले चालवताना पहिल्या दिवसापासून हिशेबतपासनीस बरोबर हवा.

तपास बंद करायचा डावही लक्षात ठेवा. महाराष्ट्रात पोलीस न्यायालयाकडे ‘अ’, ‘ब’ किंवा ‘क’ समरी, म्हणजे तपास बंद करायची मंजुरी, मागतात. गुन्हा खरा पण आरोपी किंवा पुरावा सापडत नाही ती अ. तक्रार खोडसाळ व खोटी ती ब. गैरसमजातून झालेली, ना खरी ना खोटी ती क. मंत्र्यांच्या प्रकरणात क समरी सोयीची पडते, कारण कुणालाच खोटारडा म्हणावं लागत नाही. समरीची नोटीस तक्रारदाराला मिळते. निषेध याचिका दाखल करा, आणि तपासात कुठला साक्षीदार घेतला नाही, कुठली नस्ती मागवली नाही, हे मुद्द्यानिशी लिहा. ‘तपास पक्षपाती आहे’ एवढ्या वाक्यावर काही मिळत नाही. दोषारोपपत्र झाल्यावर सत्तापालटात सरकार खटला मागे घेऊ पाहतं. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं १० ऑगस्ट २०२१ पासून खासदार-आमदारांविरुद्धचा कुठलाही खटला उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घेता येत नाही. हा आदेश फार मोलाचा आहे.

हे सगळे अडथळे पार करून शिक्षा होतेच नाही असं समजू नका. जळगाव घरकुल प्रकरणात नगरपालिकेच्या पैशांचा गुन्हा फेब्रुवारी २००६ मध्ये नोंदला गेला. धुळ्याच्या विशेष न्यायालयानं ३१ ऑगस्ट २०१९ रोजी माजी मंत्री सुरेश जैन यांना सात वर्षं कैद आणि १०० कोटी रुपये दंड, तर माजी राज्यमंत्री गुलाबराव देवकर यांना पाच वर्षं कैद सुनावली. एकूण ४८ जण दोषी ठरले. तिथे तक्रार खुद्द पालिकेच्या आयुक्तानं दिली होती आणि ठराव, धनादेश, आगाऊ रकमा यांचे मूळ कागद हाती होते. अधिकारी तक्रारदार असणं आणि मूळ दप्तर शाबूत असणं, या दोन गोष्टींनी तो खटला तेरा वर्षं तग धरून राहिला.

शिक्षा झाली की पद जातं का? भ्रष्टाचार कायद्याखाली दोषी ठरलं तर नुसता दंड झाला तरी सहा वर्षं निवडणूक लढवता येत नाही. कैद झाली तर सुटकेनंतर सहा वर्षं. जुलै २०१३ च्या लिली थॉमस निकालामुळे अपील केल्यानं पद वाचत नाही. नागपूर जिल्हा बँक प्रकरणात माजी मंत्री सुनील केदार यांना २२ डिसेंबर २०२३ ला पाच वर्षांची शिक्षा झाली आणि लगेच आमदारकी गेली. म्हणून आता सगळी लढाई दोषसिद्धीला स्थगिती मिळवण्यावर असते. शिक्षेला स्थगिती वेगळी, दोषसिद्धीला वेगळी. भ्रष्टाचाराच्या प्रकरणात दोषसिद्धी सहजासहजी स्थगित करू नये, असं सर्वोच्च न्यायालय २००१ पासून सांगत आलं आहे. सरकारी वकिलानं २००१ चा तो निकाल अपिलाच्या पहिल्याच तारखेला न्यायालयापुढे ठेवावा.

मुंबईतल्या एखाद्या खटल्यावर तुम्हाला लक्ष ठेवायचं असेल तर ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर खटला क्रमांक टाकून दर तारखेचा रोजनामा वाचता येतो. सर्वोच्च न्यायालयाच्या ९ नोव्हेंबर २०२३ च्या आदेशानुसार प्रत्येक उच्च न्यायालयानं या खटल्यांवर स्वतःहून याचिका नोंदवून देखरेख करायची आहे. आधी फाशी-जन्मठेपेचे, मग पाच वर्षं किंवा अधिक शिक्षेचे, मग बाकीचे असा प्राधान्यक्रमही दिला आहे. भ्रष्टाचार कायद्याच्या कलम १३ ची शिक्षा चार ते दहा वर्षं, म्हणजे मंत्र्यावरचा गैरवर्तनाचा खटला दुसऱ्या गटात बसतो. रोजनाम्यात सलग तीन-चार वेळा ‘सरकारी वकील गैरहजर’ किंवा ‘साक्षीदारास समन्स बजावले नाही’ दिसलं, तर त्या तारखांचा तक्ता करून उच्च न्यायालयाच्या त्या देखरेख याचिकेत मध्यस्थी अर्ज करा. विशेष सरकारी वकील नेमला आहे का, त्याचा आदेश कधीचा, मंजुरीचा प्रस्ताव कोणत्या तारखेला गेला आणि चार महिने कधी संपले, या तारखा माहिती अधिकारात मागा. तपासाचा तपशील नाकारला जाईल, तारखा सहसा मिळतात.